होकार देऊ नका

पोरगी काही खात नाही, या काळजीनं खारूच्या आईचा कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. मुलांच्या आहारावरची पुस्तकं वाचून झाली होती. त्यातलंच एक नवं घेऊन ती सकाळी बागेत बसली असताना, चार वर्षांच्या खारूनं गवतातल्या कुत्र्याच्या छत्र्या आपल्या हातानं, कुणी मागे न लागता, चवीनं खाल्ल्या.

उरलेल्या छत्र्या कागदी पिशवीत घालून आईनं तिला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या, खारूच्या डोळ्यांच्या रुंदावलेल्या बाहुल्यांवर बॅटरी धरली.

"रक्त तपासायला पाठवतो, पण जिवाला धोका दिसत नाही. भास होतील, काही तासांत उतरेल. अंधारी, शांत खोली आणि ओळखीचं एकच माणूस. फारच बिथरली तर गुंगीचं औषध देऊ."

सिस्टरनं पडदे ओढले. जाताना म्हणाली, "ताई, तिला जे दिसतंय त्यावर वाद घालू नका. पण होकारही देऊ नका. एवढंच म्हणा, हे छत्र्यांमुळे आहे, जाईल, मी इथेच आहे."

सोपं होतं. पाठ करून पास होणाऱ्यांतलीच होती ती.

खोलीत स्पिरिटचा वास होता, आणि त्याच्याखाली कुठेतरी ओल्या मातीचा.

"तू नको," खारू म्हणाली. "आई हवी."

"मीच आई आहे, राणी. हे छत्र्यांमुळे..."

"आई तिथे... खुर्चीत बसलीय."

कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती.

तिनं ते वाक्य घसा कोरडा पडेस्तोवर म्हटलं. हात पुढे केला की खारू किंचाळून भिंतीला चिकटायची. बरी आई असती तर ही वेळच आली नसती, असं तिच्या मनात आलं, आणि तिचं अवसान गळालं.

"बरं," ती पुटपुटली. "तीच तुझी आई. झोप आता."

खारू एकदम शांत झाली. औषध लागलंच नाही. खुर्चीकडे कूस वळवून ती झोपली. एक हात पलंगाबाहेर, मूठ अशी मिटलेली, जणू कुणाचं तरी बोट धरलंय.

संध्याकाळी डॉक्टरांनी बाहुल्या पाहिल्या, रक्ताचा रिपोर्ट पाहिला. खारूनं स्वतःचं नाव सांगितलं, बोटं मोजून दाखवली. "उतरलंय सगळं. न्या घरी."

आईनं खाली बसून खारूच्या पायात चपला घातल्या. "चुकलं गं माझं. चल, घरी जाऊ."

पाहुण्यांकडे बघून हसावं तसं खारू तिच्याकडे बघून हसली. मग तिच्या खांद्यावरून मागे पाहत हळूच म्हणाली,

"आई, या काकूंना पण न्यायचं का आपल्याकडे?"