मयताचं पाणी

त्या वर्षी देवखिंड नगरपरिषदेत झाडूवाल्यापासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना शहराचा वीस वर्षांचा आराखडा मनापासून पटू लागला. कारण तो त्यांच्या मनातच बसवला होता.

त्यासाठी कानामागे मसुराएवढा तुकडा चिकटवत. त्याचं नाव दुवा. केलेलं काम आराखड्यातल्या उद्दिष्टाशी जुळलं की दुवा मेंदूला अशी चेतना देई, की जेवणानंतर पान खाल्ल्यासारखं वाटे. नाही जुळलं, तर घराला कुलूप लावलं की नाही, अशी रुखरुख दिवसभर. मेमो काढायची गरजच संपली. आवक-जावक कारकुनाला त्याचं फार वाईट वाटलं.

सोपान घुले पाणी सोडायचा. आराखड्यात ‘समान पाणी’ होतं, म्हणून सोपानचं उद्दिष्ट ठरलं : प्रत्येक गल्लीला चाळीस मिनिटं. पूर्वी तो मयत झालेल्या गल्लीची चावी वीस मिनिटं जास्त उघडी ठेवी. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. गावाला ठाऊक होतं.

मग मोमीन गल्लीतला कादर शिंपी गेला. सोपानचा शाळेपासूनचा दोस्त. चाळिसाव्या मिनिटाला सोपाननं चावी फिरवली. कादरची मुलगी हंडा घेऊन धावत आली.

“काका, थोडं राहू द्या. अब्बांना आंघोळ घालायचीय.”

“वेळ झाली, बेटा,” सोपान म्हणाला आणि सायकलवर बसला. शेजाऱ्यांनी दुसऱ्या गल्लीतून घागरी आणल्या.

आठवड्यानं तो दुवा बसवणाऱ्या डॉ. शर्वरी टिळेकरांकडे गेला.

“मॅडम, हे काढा.”

“खाज येते का?”

“झोप येते. गाढ. कादरच्या पोरीला तसं परत पाठवून झोप येते, हाच त्रास.”

मॅडम म्हणाल्या, “सोपानराव, उद्दिष्टं ठरवताना आम्ही प्रत्येकाकडून कामाचा फॉर्म भरून घेतला होता. तुम्ही एवढंच लिहिलंत, ‘पाणी सोडणे.’ मयताचं पाणी लिहिलं असतंत, तर आराखड्यात आलं असतं.”

“लिहिलं असतं तर मेमो आला असता, मॅडम. नियमात कुठं बसत होतं ते?”

मॅडमनी यादी काढली, बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“तुमचा दुवा आम्ही दोन महिन्यांपूर्वीच बंद केलाय. तो नव्वद दिवसच लागतो. तेवढ्यात मेंदूला सवय लागते. पुढचं मेंदू स्वतःच करतो.”

“म्हणजे कादर गेला त्या दिवशी...”

“बंद होता.”

“मग चावी कोणी फिरवली?”

मॅडमनी यादी मिटली. सोपाननं कानामागचा तुकडा नखानं खरवडला. तो सहज निघाला. काहीच झालं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच वाजले. साळी गल्लीच्या पाण्याची वेळ झाली होती. सोपान उठला. कादरच्या पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा त्यानं जिन्याभर प्रयत्न केला. पण सायकलवर टांग मारली, आणि आपण वेळेत पोहोचणार हे ध्यानात येताच त्याला छान हलकं वाटू लागलं.