गाड्यांपाशी उभी गजरा

नवल आडतीवरून जो पळत सुटला, तो थेट मिरच्यांच्या पथारीवर येऊन थांबला.

अडतीस सालचा हिवाळा. नंदुरबारबाहेरच्या माळावर मिरच्या वाळत पडल्या होत्या – नजर पोचेल तिथवर लालच लाल. थंडी असूनही नवलचा सदरा घामाने भिजला होता. एका उंच ढिगाआड बसून तो पुटपुटू लागला, "एक... दोन... तीन..."

"मिरच्यासशी बोली ऱ्हायनात का तुम्ही?"

तो दचकला. ढिगापलीकडे एक मुलगी दाताळं घेऊन उभी होती. मिरचीचा खकाणा जाऊ नये म्हणून तिने पदर नाकावर बांधला होता. दिसत होते ते फक्त डोळे – आणि ते हसत होते.

"नही... लिलावनं काम शे मन्हं," तो म्हणाला. "आजपासून."

"मंग लिलाव सोडीसन आठे काबर बसनात?"

काय सांगणार? गावी, कळसाडीच्या शेतात माळ्यावर उभा राहून तो पोपट हाकलायचा. आडतीचे मालक दिलवरसिंगबापू रस्त्याने चालले होते. त्यांनी तो आवाज ऐकला, गाडी थांबवली आणि त्याला कामावरच घेतलं. आई गावभर सांगत सुटली. पण पोपट वेगळे आणि व्यापारी वेगळे. सकाळी लिलावाच्या ओट्यावर चढल्यावर एवढे फेटे, एवढ्या टोप्या वर वळल्या, अन् नवलचा आवाजच फुटेना.  एकनंतर तीन म्हणून बसला. सगळे हसले, आणि उरलेला लिलाव बापूंनाच करावा लागला.

"उद्या जमनं नही तं बापू घर धाडी देतीन," तो म्हणाला. "माले जमाव नही हाई काम."

आता मात्र ती हसली नाही. दाताळं टेकून तिने जरा विचार केला.

"बठ्ठासले कसाले सांगतस तुम्ही? उद्या मायसंगे मी माल लई येसू. गाडासजोडे उभी ऱ्हासू. माले एकलीले सांगा."

"आणि तुले ऐकू नही उनं तं?"

"मी हात वर करसू."

तिचं नाव गजरा. दुसऱ्या दिवशी ती खरंच आली, आई भिकुबाईच्या मागे, बैलगाड्यांपाशी. नवल ओट्यावर चढला.  त्याने एवढे चेहरे सोडून दिले आणि फक्त तिच्याकडे पाहिलं. पहिला भाव कुजबुजल्यासारखा निघाला... गजराने हात वर केला. त्याने आवाज चढवला. तिने आणखी उंच हात केला. तिसऱ्या ढिगापर्यंत बाजारातले बैलसुद्धा माना वळवून पाहू लागले.

मग ते रोजचंच झालं. तिच्या 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"चकाकती शे, नजरमा भरनारी," नवल मालाचं वर्णन करायचा, आणि नजर असायची गाड्यांकडे. बायका गजराला कोपर मारायच्या. संध्याकाळी पथारीवर ती विचारायची, "ते मिरचीनं सांगी ऱ्हायना व्हता का?"

"बापूसनी सांगेल शे... मालनी तारीफ करानी."

"मंग मालकडे देख ना."

तो लाजून मिरच्याच चिवडू लागायचा, आणि पुढची घटकाभर शिंकत राहायचा.

पौष सरला. एका सकाळी भिकुबाई एकटीच आली. "गजरा नही उनी?" त्याने विचारलं.

"घर पाव्हना शेतस, प्रकाशा गावना," ती म्हणाली. "पोर देखाले."

 ओट्यावर चढून त्याने गाड्यांकडे पाहिलं. तिथे ती नव्हती. बापू वाट पाहत होते. त्याने डोळे मिटले, उघडले, आणि पहिल्यांदाच समोरच्या माणसांकडे नीट पाहिलं. एक म्हातारा कानाला हात लावून उभा होता. एकजण जांभई देत होता. एकाचा फेटा सुटला होता... साधीच माणसं. नवलने तोंड उघडलं. एकदाही न अडखळता त्याने शेवटच्या ढिगापर्यंत लिलाव पुकारला. बापूंनी पाठीवर थाप मारली, पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतंच.

दुपार कलली तसा तो पथारीवर गेला. गजरा मिरच्या उलटत होती.

"लिलाव कसा जाया?"

"चांगला जाया."

"मी नही व्हती तरी?"

"तू नही व्हती तरी."

तिचं दाताळं थांबलं. "मंग... आते मन्हं काय काम?"

"लिलावले नही," नवल म्हणाला. "माले शे."

इतकं हळू की वाऱ्यानेही ऐकलं नसतं. गजराने ऐकलं होतं. तरी ती म्हणाली, "ऐकू नही उनं."

"माले शे तुन्हं काम. जनमभर."

"ऐकू नही उनं म्हंतं ना."

मग नवलने ओट्यावरचा आवाज लावला. पथारीच्या त्या टोकापर्यंत बायकांच्या माना वर झाल्या, हशा पिकला. गजराने पदर नाकावरून डोळ्यांपर्यंत ओढला.

"पाव्हनासले काय सांगं?" त्याने भीत भीत विचारलं.

"मायनी सांगं, पोर नही म्हनस." ती पुन्हा मिरच्या उलटू लागली. "तुन्हा बापले धाड. होळीना आगोदर."

नवलने दुसरं दाताळं उचललं आणि तिच्या शेजारी कामाला लागला. बायका बघत होत्या. बघू देत, असं त्याला वाटलं.