मोकळी जागा

पटत नसेल तर सोडून द्या, पण यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. तो फोटो मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

गोष्ट माझ्या मावसभावाची. धंदा फोटोग्राफीचा, म्हणून घरात सगळे त्याला फोकसदादा म्हणतात. जेवायला बसलेल्या माणसालाही हा म्हणायचा, "हनुवटी जरा वर." पण उघड्यावर, उन्हात माणसांचे फोटो काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

एकच फोटो त्याने वाया घालवला. मावशीचा, म्हणजे त्याच्याच आईचा, शेवटचा.

मावशीच्या मागे मावळतीचं आभाळ पेटलं होतं. दादाने उजेडाचं माप आभाळावरून घेतलं.

"माझा चेहरा नीट येतोय ना रे?" तिने तीनदा विचारलं.

"येतोय गं, हलू नकोस."

बघितलं मात्र नाही.

आभाळ सुरेख आलं. मावशीचा नुसता काळा आकार आला. अंबाडा, उजवा खांदा जरा खाली... आणि चेहऱ्याच्या जागी काळोख.

आठवड्याने ती गेली. काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मुलाशी बोलणं टाकलं.

दोन वर्षांनी काका अंथरुणाला खिळले, तेव्हा आपणहून म्हणाले, "काढ एकदाचा माझा फोटो. पण तिच्यासारखी माझी गत केलीस, तर याद राख."

थंडीचे दिवस होते. दुपारी चारचं ऊन, घरामागचं अंगण. दादाने काकांना धरून खुर्चीत बसवलं. चौकटीत त्यांना एका कडेला घेतलं आणि ते बघत होते त्या बाजूला मोकळी जागा सोडली. तो नेहमीच सोडायचा.

पहिला फोटो... काकांचा चेहरा पांढराफटक.

त्याने उजेड कमी केला.

दुसरा... आणखी पांढरा.

चौकटीत एखादी मोठी काळी वस्तू आली, की कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो आणि चेहरा जळून पांढरा पडतो. पण समोर काळं काहीच नव्हतं. काकांचा सदरा पांढरा, मागची भिंत पिवळी.

"अजून किती वेळ?" काका खेकसले. "आणि बाजूला कोणाला उभं केलंयस? माझं ऊन अडलंय."

अंगणात दोघंच होते.

दादाने कॅमेऱ्याचं ऐकणं सोडलं. काकांच्या गालावरचा उजेड मोजला, आकडे हाताने लावले आणि तिसरा फोटो काढला.

चेहरा अगदी हवा तसा आला. सुरकुती न् सुरकुती दिसत होती.

आणि मोकळ्या जागेत...

अंबाडा. उजवा खांदा जरा खाली. चेहरा नाही.

दादाने दचकून वर पाहिलं. अंगण रिकामं. काका मात्र त्याच रिकाम्या जागेकडे बघत होते.

"तिला सांग," ते पुटपुटले, "तो फोटो मी नव्हता काढला."

नवव्या दिवशी काका गेले.

त्या दिवशीच्या तीन फोटोंत चेहरा दिसणारा तेवढा एकच होता. दादाने कॉम्प्युटरवर मोकळी जागा कापून टाकली, फोटो छापला आणि मावशीच्या त्या शेवटच्या फोटोशेजारी लावला.

सकाळी पाहतो तर... कापलेल्या कडेशी काळा खांदा.

त्याने तेवढाही कापला. पुन्हा छापला.

दोन दिवसांनी... पुन्हा खांदा.

गेल्या रविवारी मी त्याच्याकडे गेले होते. भिंतीवर पाचव्यांदा कापलेला फोटो होता. काकांचा खांदा गेला होता, कानही गेला होता. चौकटीत गालाला कड भिडली होती.

"आता तरी थांबलं ना?" मी विचारलं.

दादाने कडेवर बोट ठेवलं. काकांच्या गालावर काळं चढायला लागलं होतं.

"आता कापायला चेहराच उरलाय," तो म्हणाला. "काय करू, सांग."