ऐंशीचा आकडा

मी थापा मारतो, हे हृदयाच्या अतिदक्षता विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. तीनदा मरून आलोय, चौथ्या वेळी वरच्या दारवानानेच ‘आजोबा, पुन्हा तुम्ही?’ म्हणून हाकललं, असं मी येईल त्या डॉक्टरला ऐकवायचो. ही गोष्ट मात्र तशी नाही. म्हणजे… एक थाप आहे हिच्यात. ती आली की सांगेन.

माझा पलंग चौथा. तिसऱ्यावर एका दुपारी घड्याळं दुरुस्त करणारा एक तरुण आणून ठेवला. साध्या तापाचं निमित्त, आणि हृदयाला सूज. बीपी टिकवायचं औषध पंपातून थेंबथेंब चाललेलं. दोनच्या पाळीची सिस्टर सिरिंज बदलायला आली. जुनी संपायच्या आत नवी सुरू करावी लागते. मध्ये खंड पडला की बीपी कोसळतं. खालचा ओठ दातात धरून, श्वास रोखून ती ते करत होती… आणि हा भिंतीकडे बघत म्हणाला,

“तुमचं घड्याळ पाच मिनिटं मागे आहे.”

“बोलू नका. दम लागेल.”

“लागलाच आहे… तुम्ही आलात तेव्हापासून.”

“काका, हे तुम्ही शिकवलंत ना याला?” ती माझ्यावर डाफरली.

“मला एवढं येत असतं तर तुझ्या काकूने सात खेपा घालायला लावल्या असत्या होय?”

सगळे तिला सिस्टर म्हणत, तो म्हणेना. ‘दोनवाल्या बाई’ म्हणायचा. ती त्याला घड्याळजी म्हणू लागली. त्याला पाणी मोजून द्यायचं, म्हणून ओल्या कापसाने ती त्याचे ओठ टिपायची. दोन मिनिटांचं काम. तिला दहा लागत. घड्याळ खरंच मागे असावं!

पाचव्या दिवशी दुपारच्या राउंडला मोठे डॉक्टर तक्ता हातात घेऊन, कपाळाला आठ्या घालून उभे राहिले.

“रोज बरोबर दोनला याचे ठोके वाढतायत. शंभराचे एकशे अठरा. कमी करायचं औषध सुरू करू.”

सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. त्या औषधाने ठोक्यांबरोबर बीपीही उतरलं असतं, आणि ते आधीच कसंबसं तग धरून होतं.

“सर… नको.”

“का?”

“ते… माझ्यामुळे वाढतात.”

पंपसुद्धा क्षणभर घुरघुरायचे थांबले, अशी माझी खात्री आहे. डॉक्टरांनी तिला दाराबाहेर पाठवलं. एकशे दोन. आत बोलावलं. एकशे वीस. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तिसऱ्यांदा माझ्या खास आग्रहावरून. मग त्यांनी निमूटपणे औषध खोडलं.

“आता तक्त्यात कारण काय लिहू?”

“खरं तेच लिहा,” घड्याळजी म्हणाला. कान लालभडक.

आठवडाभर असं चाललं. मग सूज हृदयात ठोक्याचा इशारा नेणाऱ्या वाटांपर्यंत पोचली आणि ठोके पडायचेच चुकू लागले. मानेतून तार घालून बाहेर एक लहानसं मशीन जोडलं. आता मशीन इशारा देईल तेव्हाच हृदय उडणार, मिनिटाला ऐंशी वेळा. हसला तरी ऐंशी, रडला तरी ऐंशी.

दोन वाजता ती आली. सवयीने आधी मॉनिटरकडे पाहिलं. ऐंशी. तिचा चेहरा असा उतरला, की मी भिंतीकडे तोंड केलं. कान मात्र तिकडेच.

“त्या आकड्याकडे बघू नकोस,” तो म्हणाला. ‘अहो’ आज गळून पडलं होतं. “तो मशीनचा आहे. आत काय चाललंय ते मला कळतंय.”

“काय चाललंय?”

“दोन वाजलेत…”

 मग ती इतक्या हळू बोलली, की मला मान वळवावी लागली.

“माझेही वाढतात. मला कुणी मॉनिटर लावत नाही, म्हणून…”

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो गेला. औषधं वाढवत नेली, डॉक्टर घामाघूम होईपर्यंत झटले. मशीन इशारे देत राहिलं. हृदयाने ओ दिली नाही. दोनला अजून तीन तास होते.

ती आली तेव्हा तिसऱ्या पलंगावर नवी चादर होती. तिने पंप पुसले, तारा गुंडाळल्या आणि माझ्याजवळ येऊन मनगट धरलं. मला मॉनिटर लावलेला होता, तरी नाडी मोजू लागली.

“काका… शेवटी तो काही…?”

तर ही ती थाप.

“अगं, अकराच्या सुमाराला बाहेर कुणाची तरी पावलं वाजली. त्याला वाटलं, तूच आलीस. मी या डोळ्यांनी पाहिलं… ऐंशीचे एकदम अठ्ठ्याण्णव!”

ते मशीन रोज ती स्वतःच्या हाताने तपासायची. त्याचं बटण ऐंशीवरच ठेवलेलं होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी तिने माझं मनगट सोडलं नाही.

“काका, तुम्ही थापा मारता.”

“हो गं.”

तिने स्टूल ओढलं आणि बसली. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागेच होतं.

“पुन्हा सांगा,” ती म्हणाली. “पावलं कुठून वाजली?… सावकाश सांगा.”