आठवी ओटी

शुक्रवारी सकाळी वसंताबाईंनी आठ ओट्या बांधल्या. हिरवा खण, त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ आणि वर घट्ट गाठ. सात ओट्या साती आसरांच्या, आठवी सुनेची. दोनदा कूस उजवता उजवता राहिली होती. आता रंजनीला पाचवा महिना लागला होता. नदीच्या घळईत पाण्याच्या त्या सात बहिणी दगड होऊन बसल्या आहेत, त्यांच्या ओट्या भरून तिथल्या तिथे सुनेची ओटी भरीन, असा वसंताबाईंचा नवस होता.

वेंकटला, त्यांच्या मुलाला, नवसाशी देणंघेणं नव्हतं. त्याला घळई पाहायची होती. अड्यारच्या घरून निघाल्यापासून साडेतीन तास त्याचं एकच चाललं होतं, तिथे मगरी आहेत, सांबरं आहेत, उन्हं उतरली की कडे लाल होतात.

"अम्मा, तुझ्या देवींना सांग, फोटोत नीट या," तो म्हणाला.

वसंताबाईंना राग आला. पण व्रताच्या दिवशी मन निर्मळ ठेवायचं असतं. त्यांनी तो गिळला.

वाटेत टायर बदलण्यात वेळ गेला आणि पोचेपर्यंत चार वाजून गेले. उद्यानाचं फाटक पाचला बंद होणार होतं. खरंच ते दृश्य डोळ्यांत मावत नव्हतं. दोन्ही बाजूंना तांबडे उभे कडे, तळाशी हिरवी संथ नदी, वर घिरट्या घालणाऱ्या घारी. वेंकटने कठड्यावरून "रंजनी!" अशी हाक मारली. घळईने ती तीनदा परत दिली. रंजनी हसली. एवढ्या पायऱ्या उतरायला नकोत म्हणून ती वरच्या बाकावर बसली.

खाली ओलसर, शेवाळाचा वास होता. मगरींपासून सावध राहण्याची पाटी होती आणि तिच्या पलीकडे, पाण्याला लागून, हळद फासलेले दगड ओळीने मांडलेले. वसंताबाई पहिल्यापाशी वाकल्या. हळद, कुंकू, ओटी. पुढचा.

"अम्मा, सीक्रम! लवकर!" वरून वेंकट ओरडला. "वीस मिनिटं राहिली!"

हळद, कुंकू, ओटी. मान वर न करता त्या ओळीने सरकत राहिल्या.

"तू काय त्यांना जेवायला घालूनच उठणार आहेस का?"

रागाने त्यांचे कान तापले. बोटं भराभर चालली. पिशवी रिकामी झाली तेव्हाच त्या थांबल्या, हात जोडले आणि धापा टाकत वर आल्या.

बाकावर रंजनीने ओढणी पसरून धरली होती. वसंताबाईंनी पिशवीत हात घातला...

काहीच नव्हतं.

"आठ बांधल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी आठ बांधल्या होत्या."

"मग एक पडली असेल. इथून नारळ घेऊ," वेंकट म्हणाला.

फाटकाजवळ फुलं आणि नारळ विकणारी अलमेलू म्हातारी ऐकत होती. तिने विचारलं, "किती जणींना दिलीस?"

"होत्या तितक्यांना. ओळीत बसल्या होत्या त्या सगळ्यांना."

"सातच आहेत ना गं त्या." अलमेलूने हातातला गजरा खाली ठेवला. "आठवी कोणाला दिलीस?"

तेव्हा वसंताबाईंना बोटाची आठवण झाली. सात वेळा कुंकू लावताना खरखरीत दगड लागला होता. आठव्या वेळी... मऊ लागलं होतं. मऊ आणि गार. पाण्यात खूप वेळ राहिलेल्या तळव्यासारखं.

सुनेची ओटी त्यांनी आपल्या हाताने दुसरीच्या पदरात घातली होती.

"अम्मा, कुठे निघालीस? फाटक बंद होईल!"

"होऊ दे!" वसंताबाई इतक्या जोरात ओरडल्या की वेंकट एक पाऊल मागे सरला. अठ्ठावीस वर्षांत त्याने आईचा हा आवाज ऐकला नव्हता. "तुझं ते लवकर लवकर! माझी एवढी एक गोष्ट तुला निवांत करू देता आली नाही!"

त्या अनवाणीच उतरल्या.

खाली वानरं सात ओट्या फाडून नारळ आपटत होती. दगड सातच होते. शेवटच्या दगडाशेजारच्या कोरड्या खडकावर ओली खूण होती, कोणीतरी मांडी घालून बसून नुकतंच उठावं तशी. त्या जागेकडे एकही वानर फिरकत नव्हतं. ओटी तिथे नव्हती.

त्यांनी आधी हात जोडले. "बाई, चूक माझी. मी मोजलं नाही. ती ओटी माझ्या सुनेची आहे. परत दे."

नदी हलली नाही. मग मात्र इतक्या वर्षांचा गिळलेला राग वर आला. "ऐकतेस का? दोनदा रिकामी झाली आहे ती पोर! तिसऱ्यांदा मी होऊ देणार नाही! दे माझी ओटी!"

वेंकटची हाक तीनदा परत देणाऱ्या घळईने वसंताबाईंचा आवाज एकदाही परत दिला नाही.

मग पाण्यावर काहीतरी हिरवं दिसलं. वसंताबाई पाहत राहिल्या. नदी डावीकडे वाहत होती, आणि खणाचं ते गाठोडं उजवीकडे येत होतं. प्रवाहाविरुद्ध, सावकाश. येऊन त्यांच्या पायाला लागलं.

"तुझी वेगळी आणीन," त्या पुटपुटल्या. "नवस समज. बाळ जन्मायच्या आत आणीन."

रंजनीची ओटी भरली. परतीच्या वाटेवर बाळ पहिल्यांदा हललं आणि रंजनी आनंदाने रडली. घरी गाठ सोडली तेव्हा तांदळात तान्ह्या मुलाची काळ्या मण्यांची मनगटी निघाली. एकच. ओली. वसंताबाईंनी कोणाला न सांगता ती देवघराच्या खणात ठेवली.

सप्टेंबरमध्ये त्या म्हणाल्या, "वेंकट, घळईला जाऊ." त्याला सिरुसेरीच्या ऑफिसात काम होतं. ऑक्टोबरमध्ये पाऊस लागला, उद्यान बंद. एकट्या गाडी करून निघाल्या तर वाटेत रस्ता वाहून गेलेला. "अम्मा, पोदुम, पुरे आता," वेंकट म्हणाला. "दगडांना काय घाई आहे?" वसंताबाईंनी शुक्रवार धरले, ओटी बांधून तयार ठेवली, समईसमोर रोज विनवलं, थोडं थांब. देवघराच्या खणातली मनगटी वाळत नव्हती.

डिसेंबरमध्ये मुलगी झाली. धडधाकट, भरपूर जावळ असलेली. बाराव्या दिवशी बारसं. घर पाहुण्यांनी भरलं, नाव कौमुदी ठरलं, पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या. वसंताबाईंनी नव्या मनगट्यांची जोडी घेतली आणि दुपट्यातून बाळाचा डावा हात बाहेर काढला.

डाव्या हातात मनगटी आधीच होती.

त्या उठून देवघरात गेल्या. खण उघडला. आत लाकडाला पाणी सुटलं होतं आणि शेवाळाचा वास येत होता. बाकी काही नव्हतं.

परत येऊन त्यांनी मनगटी सोडायचा प्रयत्न केला. दोऱ्याला गाठच नव्हती.

"अम्मा, काय झालं?" रंजनीने विचारलं.

"वेंकट, गाडी काढ," वसंताबाई म्हणाल्या. देवघरातली ओटी त्यांच्या हातात होती.

"आत्ता? अम्मा, पंगत बसायची आहे..."

"आत्ता! माझा शब्द तू चार महिने मोडलास. आता एक अक्षर बोलू नकोस!"

पाळण्याच्या दोऱ्या धरलेल्या बायकांनी दोऱ्या सोडल्या. वेंकट किल्ली घ्यायला वळला.

तेवढ्यात कौमुदीने उजवा हात दुपट्यातून आपणच बाहेर काढला. दाराकडे सरळ धरला, आणि मनगटी चढवताना आई बाळाची बोटं मिटून धरते तशी आपली पाचही बोटं जुळवली.

दारात कोणी नव्हतं. उंबऱ्यावरची रांगोळी तेवढी ओली होत होती.