हिरवळीतला खळगा

कामावरून परतताना थोरली रोजच्यासारखी रोपवाटिकेपाशी थांबली आणि तिने मातीची पिशवी घेतली.

"ताई, एवढी माती नेता रोज, घरामागे डोंगर उभारताय की काय?" रोपवाटिकेतला म्हातारा हसत म्हणाला.

तिला हसायचंही त्राण नव्हतं. दवाखान्याच्या धुलाईखान्यात दिवसभर उभं राहून चादरींना इस्त्री करायची, मग घरचं सगळं. पण हल्लीचा थकवा काही वेगळाच होता. सकाळी उठतानाच अंग शिशासारखं जड असायचं.

"एक खळगा आहे हो," ती म्हणाली. "किती भरला तरी भरतच नाही."

घरामागची ती हिरवळ आईने स्वतःच्या हातांनी केलेली. कडेने गुलाब, कोपऱ्यात पुदिना, भिंतीलगत टोमॅटो आणि मधोमध लिंबोणी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा थोरलीने तिची खाट मागच्या खिडकीशी सरकवली, निदान हिरवं तरी दिसावं म्हणून. आईचं मागणं एकच होतं. "बाग नीट ठेव गं, बाळा." धाकटं भावंड उरलं नव्हतं; घरात दोघीच. एकमेकींशिवाय कुणी नाही. थोरली गवत कापत होती, तण उपटत होती, संध्याकाळी पाणी घालत होती. आणि मग लिंबोणीखाली तो खळगा पडला. अरुंद, लांबट. कुशीवर झोपलेलं माणूस उठून गेल्यावर गादीवर राहतो ना, तसा.

नळवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, खालून पाइप जातच नाही. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून निदान केलं, "घुशी असतील गं. त्यांच्याही घरात भाऊबंदकी असते, नवीन खोल्या काढत असतील!"

थोरली रोज माती टाकायची, पायाने दाबून सारखी करायची. दुसऱ्या दिवशी खळगा पुन्हा तसाच.

इकडे आई खालावत चालली होती. "पांघरूण काढ गं... फार जड होतंय," ती म्हणायची. अंगावर असायची फक्त एक विरलेली सुती चादर. डॉक्टर म्हणाले, श्वास असाच अपुरा पडत राहिला तर फार दिवस नाहीत, मनाची तयारी ठेवा. सकाळी अंथरूण झटकताना त्यातून बारीक माती पडायची. थोरलीला वाटायचं, आपल्याच पायांची असेल.

त्या संध्याकाळी तिने पिशवी खळग्यात रिकामी केली. उजेड उतरला होता. ओल्या गवताचा आणि पुदिन्याचा वास येत होता. वारा अजिबात नव्हता. ती मातीवर उभी राहिली आणि दाबू लागली.

खिडकीतून आई कण्हली.

थोरली थांबली. कण्हणंही थांबलं. तिने पुन्हा पाय टाकला.

"आई गं..."

तिने पाय मागे घेतला. तरी खात्री करायला हवी होती. तिने अगदी अलगद, नुसता अंगठा मातीवर टेकवला.

"नको ना गं..." आतून आईचा आवाज आला, दबलेला, तोंडावर उशी धरल्यासारखा. "छातीवर... नको."

थोरली गुडघ्यांवर कोसळली. हातांनीच माती उपसू लागली. आपणच, रोज, मायेने... पुढचा विचार तिने केला नाही. नखं मोडली, बोटं सोलली. माती खाली कोमट होती, आणि सूक्ष्म, अगदी सूक्ष्म, वरखाली होत होती. ओंजळीमागून ओंजळ ती बाजूला फेकत गेली. शेवटी खळगा पहिल्यासारखा मोकळा झाला.

खिडकीतून एक लांब श्वास ऐकू आला. मग दुसरा.

धावत ती आत गेली. आई उशीला टेकून बसली होती. कित्येक दिवसांनी तिच्या गालांवर रंग होता.

"अगं, काय हे हात! उकिरडा उकरत होतीस का?" आई म्हणाली, आणि चक्क हसली. "मला बघ कसं मोकळं वाटतंय. चहा देशील?"

थोरलीने रडत रडत चहा केला. आईने कपभर चहा संपवला आणि शांत झोपली. थोरली मागच्या दारात खुर्ची टाकून बसली. आता तो खळगा कधीही भरायचा नाही, असं तिने ठरवलं. हिरवळीत खड्डा दिसतो तर दिसू दे. बऱ्याच काळाने ती बागेकडे नुसती बघत होती, काही काम न करता. गुलाबाला कळ्या आल्या होत्या, हे तिला ठाऊकच नव्हतं.

डोळे मिटत होते. उठून अंथरुणावर पडावं, असं मनात आलं. पण पाय उचलेनात. थकलोय आपण, तिने स्वतःला समजावलं.

"थोरले, आहेस का गं?" भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला.

"आहे काकू..." आवाज खोल गेला होता.

"अगं, तुला सांगायचं राहूनच गेलं. तुझ्यासारखाच एक खळगा माझ्याकडेही पडलाय, भिंतीलगत. पावसाळ्यापासून भरतेय. तुझ्या आईच्या बागेतल्यापेक्षा चांगला लांब आहे हो, तुझ्याएवढा असेल." काकू हसल्या. "आज म्हटलं, एकदाचा निकालच लावू. गाडीभर माती मागवली. आता तुझ्यासारखी पायाने घट्ट करून टाकते."

थोरलीने तोंड उघडलं. काकू, नको, थांबा... सगळे शब्द जिभेवर होते. ते बाहेर ढकलायला श्वासच पुरेना.

"बोलत का नाहीस गं? दमलीस ना पोरी? बस, बस. पड जरा."

भिंतीपलीकडे धप् धप् आवाज सुरू झाला. काकू मनापासून, तालात पाय टाकत होत्या. खुर्चीत थोरलीची मान हळूहळू मागे गेली.

तिने कसाबसा आवंढा गिळला. दाताखाली वाळू कचकचली.