दगडाला वळसा

फिटर डंपरच्या पुढच्या चाकाखाली सापडला. ओळख पटली ती कमरेच्या पान्यावरून.

डंपर घराएवढा. केबिन रिकामी, नेहमीसारखीच. या खाणीत डंपर आपले आपण धावतात. अडले, तर टेकडीवरच्या खोलीत बसून पडद्यावर बघत हाताने चालवायचे. आपला आपण धावणारा डंपर माणूस दिसला की थांबतो. हाताने चालवलेला थांबत नाही. ते काम माणसावर सोडलेलं.

म्हणजे कुणीतरी चालवला होता. त्या वेळचं रेकॉर्ड पुसलेलं. पुसणं आणि चालवणं दोन्ही जमणारे दोघेच : मॅनेजर आणि ऑपरेटर.

खाण-निरीक्षक बाई खोलीत आल्या तेव्हा बूट घोट्यापर्यंत मातीने भरलेले होते.

"खुर्चीत हा टायरफोड्या होता," मॅनेजरने ऑपरेटरकडे बोट केलं. "मेलेल्याचा मेहुणा. दोघांचं पटत नव्हतं, विचारा कुणालाही."

"टायरफोड्या का म्हणता?"

"पडद्यावर शिकलेला ना. रस्त्यात दगड आला की थेट चढवतो. मी वीस वर्षं केबिनमध्ये बसून डंपर हाकलेत. एक टायर फुटला असेल तर मिशी उतरवतो."

दाराशी फिटरची बायको उभी होती. नवरा गेला होता. आता भाऊही जाणार होता.

"ताई, मी नव्हतो गं," ऑपरेटर म्हणाला. "साहेबांनीच जेवायला पाठवलं. मी बसतो म्हणाले."

"कुणी पाहिलं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही."

"झालं तर मग," मॅनेजर म्हणाला.

"ब्रेक गेलेले डंपर आमचे हे बाहेर सोडत नव्हते," फिटरची बायको म्हणाली. "काल या साहेबांनी दम दिला. खाण तुझ्या बापाची का, म्हणाले."

"म्हणालो. खाणीत कुणी ओव्या म्हणत नाही."

बाई पडद्याकडे वळल्या. "तुम्ही जुने वस्ताद. दुसरा एखादा डंपर त्याच रस्त्याने न्या बघू. मला पाहायचंय."

मॅनेजर ऐटीत बसला. पडद्यावर रस्ता सरकू लागला. एक टोकदार दगड आला. त्याचा हात अलगद वळला आणि पुन्हा सरळ झाला.

"थांबवा."

डंपर थांबला.

"हा रस्ता मी सकाळी पायी चालले," बाई म्हणाल्या. "यंत्र रोज त्याच चाकोरीतून जातं, बारका दगड त्याच्या खिजगणतीत नसतो. हा पोरगा दगडावर चढवतो, तुम्हीच सांगितलंत. फिटरला मारणाऱ्या डंपरच्या खुणा मात्र दर दगडाला वळसा घालून गेल्यात. शेवटी तेवढ्या सरळ. तिथं फिटर पाठमोरा उभा होता. चालू इंजिनच्या आवाजात दुसऱ्या एका डंपरचे ब्रेक तपासत."

मॅनेजरचा हात स्टिअरिंगवरच होता. त्याने त्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा होता.

"दगड दिसला की हात वळतोच," तो पुटपुटला.

"आणि माणूस दिसला की?" फिटरच्या बायकोने विचारलं.